ऑर्डर येत होती, माणूस दिसत नव्हता

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे सध्या गच्च भरलेल्या लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून फोन बघतायत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगतो, आजचा विषय आत्महत्येचा आहे. कोणी कसा जीव दिला, असलं काही यात नाही. एखाद्याच्या मनात तसं काही चालू असेल तर ते ओळखायचं कसं आणि आपण काय करायचं, एवढंच बोलणार आहोत. पण तुम्ही स्वतःच सध्या त्या अवस्थेत असाल, तर पुढे वाचायच्या आधी १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस नावाची ही सरकारी हेल्पलाइन आहे. चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. हा लेख कुठे पळून जात नाही, नंतर वाचा.

जुईनगरचा बंद दरवाजा

जुईनगर म्हणजे सानपाडा आणि नेरूळच्या मधलं स्टेशन. वाशीकडून येणारी आणि ठाण्याहून येणारी लाइन इथे एकत्र होते. बाकी सिडकोच्या इमारती, रेल्वे कॉलनी, जवळच एमआयडीसी, असं हे नोकरदारांचं गाव. इथल्या एका सोसायटीची बातमी २०२५ च्या जून-जुलैमध्ये सगळीकडे आली होती. तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचून फॉरवर्डही केली असेल.

पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ, आधी कॉम्प्युटर प्रोग्रामर होते. तीन वर्षांहून जास्त काळ ते स्वतःच्या फ्लॅटमधून बाहेर पडले नव्हते. जवळची माणसं एकामागून एक गेली होती. मित्र उरले नव्हते, तब्येत ढासळली होती. बाहेरच्या जगाशी संबंध एकच उरला होता, ऑनलाइन मागवलेलं जेवण. घरात कचरा साठला होता, झोपायचे ते खुर्चीतच, पायाला गंभीर संसर्ग झाला होता. शेवटी एका माणसाने पनवेलजवळच्या सील आश्रमाला कळवलं. त्यांचे कार्यकर्ते आले आणि त्यांना उपचारासाठी घेऊन गेले.

एक गोष्ट स्पष्ट करतो. त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार होते, असं मी म्हणत नाहीये. ते मला माहीत नाही आणि ते ठरवणं आपलं कामही नाही. त्यांचं नावही मी मुद्दाम घेत नाहीये. मी ही गोष्ट सांगतोय ती दाराबाहेरच्या लोकांसाठी, म्हणजे आपल्यासाठी.

कारण विचार करा. तीन वर्षं डिलिव्हरीवाले त्या दारापर्यंत येत होते. कचरा बाहेर येत नाही, हे शेजाऱ्यांना दिसत होतं. सोसायटीतल्या काही लोकांनी अधूनमधून कचरा बाहेर ठेवायला सांगितलं, काही कागदपत्रांच्या कामात मदतही केली, असं बातम्यांमध्ये होतं. म्हणजे लोक वाईट नव्हते. आपल्यासारखेच होते. दिसत होतं, पण "आपण कशाला कोणाच्या खाजगी गोष्टीत पडायचं?" या एका वाक्यापाशी सगळे थांबतात ना, तसं झालं असावं.

आजच्या भागाचं सार एवढंच आहे. खुणा बहुतेक वेळा दिसतात. अडतं ते विचारण्यापाशी.

हे "मोठ्या शहरातलं काहीतरी" नाही

आकडे दोनच देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यातले २२,७४६ महाराष्ट्रातले, आणि हा सगळ्या राज्यांतला सर्वांत मोठा आकडा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल आपण निदान ऐकतो तरी. पण या आकड्यात रोजंदारीवर काम करणारे आहेत, घर सांभाळणाऱ्या बायका आहेत, नोकरदार आहेत आणि विद्यार्थीही आहेत. त्या वर्षी देशात १३ हजारांहून जास्त विद्यार्थी गेले. कारणांच्या यादीत सगळ्यात वर काय होतं माहितीये? घरगुती प्रश्न. त्याखालोखाल आजारपण. ज्या प्रेमप्रकरणांच्या आणि निकालांच्या बातम्या आपण जास्त वाचतो, ती कारणं यादीत बरीच खाली आहेत.

आणि एकच कारण असं जवळपास कधीच नसतं. नापास होणं हा शेवटचा धक्का असतो. त्याच्या आधी झोप उडालेली असते, कर्ज असतं, घरात भांडणं असतात, कधी उपचार न झालेलं डिप्रेशन असतं. म्हणूनच मध्ये थांबवायला जागाही असते.

खुणा कोणत्या?

तीन ठिकाणी बघायचं: बोलणं, वागणं आणि परिस्थिती.

*बोलणं.* कोणी "मला मरायचंय" असं थेट म्हणतं, पण बऱ्याचदा ते वळसा घेऊन येतं. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय." "मी नसलो तरी काय फरक पडणार?" "आता थोडेच दिवस, मग सगळे मोकळे." "झोपावं आणि उठूच नये असं वाटतं." हे कधी हसत हसत येतं, मीमच्या रूपात येतं, रात्री तीनला टाकून सकाळी उडवलेल्या स्टेटसमधून येतं. आपण खाली हसरा इमोजी टाकतो आणि पुढे सरकतो. यातलं "मी सगळ्यांवर ओझं आहे" हे वाक्य विशेष लक्षात ठेवा. ते बोलणाऱ्याला ते खरंच वाटत असतं.

*वागणं.* रोज बोलणारा गप्प होतो. क्रिकेटच्या ग्रुपमधून बाहेर पडतो, डीपी काढतो, फोन उचलत नाही. झोप एकदम कमी किंवा एकदम जास्त. अंघोळ, कपडे, जेवण यांकडे दुर्लक्ष. दारू वाढते. गाडी बेफाम चालवायला लागतो. आवडती गोष्ट कोणाला तरी देऊन टाकतो: गिटार, बाइक, पाळलेलं मांजर. अचानक सगळी उधारी चुकवतो, पासवर्ड लिहून ठेवतो, जुन्या मित्रांना फोन करून माफी मागतो.

आणि एक फसवी खूण. खूप दिवस खचलेला माणूस एके दिवशी एकदम शांत, हलका दिसायला लागतो. घरच्यांना वाटतं, चला, सावरला एकदाचा. बऱ्याचदा खरंच सावरलेला असतोही. पण काही वेळा मनातली ओढाताण संपून निर्णय झालेला असतो. म्हणून अशा वेळी लक्ष काढून घेऊ नका, जरा जास्त जवळ राहा.

*परिस्थिती.* नोकरी गेली. लोन ॲपवाले नातेवाइकांना फोन करून बदनामी करतायत. खाजगी फोटो कोणीतरी पसरवले. ब्रेकअप, घटस्फोट, निकाल, मोठा आजार, जवळच्याचा मृत्यू. घरात किंवा मित्रांत कोणाचा आत्महत्येने मृत्यू झालेला असेल, तर धोका वाढतो. आणि आधी एकदा प्रयत्न झालेला असेल, तर ही सगळ्यात गंभीर खूण. "तो तर लक्ष वेधून घ्यायला करतो" असं म्हणून ती कधीच उडवून लावू नका. लक्ष हवंय असं कोणी इतक्या टोकाला जाऊन सांगत असेल, तर ते द्यायलाच हवं ना?

आता लगेच ज्याने डीपी काढला त्याच्या घरी धावत जाऊ नका. एका खुणेवरून काही ठरत नाही. बघायचं ते दोन गोष्टींकडे. हा माणूस नेहमी जसा असतो त्यापेक्षा बदललाय का? आणि अशा दोन-तीन गोष्टी एकत्र दिसतायत का? मुळातच अबोल असलेला मित्र गप्प असला तर तो त्याचा स्वभाव. बडबड्या मित्र तीन आठवडे गप्प असला, नोकरी गेलेली असली आणि रात्रभर ऑनलाइन दिसत असला, तर मात्र फोन उचलायची वेळ झाली.

विचारायचं कसं?

सगळ्यात मोठी भीती इथे असते: "मी विचारलं आणि त्याच्या डोक्यात तो विचार मीच घातला तर?" याचं उत्तर संशोधनातून वारंवार आलंय. थेट विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट अनेकांना सुटका झाल्यासारखं वाटतं, कारण महिनोन्महिने जे एकट्याने सांभाळलं, ते कोणीतरी मोठ्याने बोललेलं असतं.

यासाठी तीन पायऱ्यांची एक साधी पद्धत आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी ती १९९५ च्या सुमारास मांडली आणि आज आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्ससारखी संस्थाही ती सामान्य लोकांना शिकवते. मराठीत सांगायचं तर: विचारा, मनवा, पोहोचवा. छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण सुरू ठेवायचं प्रशिक्षण जसं डॉक्टर नसलेल्यांना देतात, तसंच हे.

समजा मित्र आहे. चारचौघांत नको. स्टेशनबाहेर चहा घ्या, चालायला जा. शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं, सतत डोळ्यात बघावं लागत नाही.

"गेले काही दिवस तू वेगळाच वाटतोयस. ग्रुपवर नाहीस, त्या दिवशी म्हणालास की तू नसलास तरी चालेल. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. काय चाललंय?"

मग गप्प बसा. खरंच गप्प. तो "काही नाही रे" म्हणेल. तेव्हा घाई न करता विचारा:

"इतका त्रास होत असला की काही लोकांना जीव संपवावासा वाटतो. तुझ्या मनात असं येतं का?"

हा प्रश्न असाच, सरळ. "तू असं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. तो "नाही" म्हणणार आणि दार बंद.

मोठ्या माणसांशी बोलताना शब्द बदला, प्रश्न तोच. "काका, गेले दोन महिने तुम्ही खाली आला नाहीत, काकू गेल्यापासून जेवणही नीट होत नाहीये असं आई म्हणत होती. जगणं नकोसं वाटतं का कधी?" आपल्याला वाटतं, मोठ्यांना असं कसं विचारायचं. पण त्यांना बऱ्याचदा वर्षभरात कोणी काहीच विचारलेलं नसतं.

काय बोलू नये, तेही सांगतो. "आईवडिलांचा विचार कर." (तो करतोच आहे, म्हणून तर स्वतःला ओझं समजतोय.) "लोकांना बघ, किती मोठी दुःखं आहेत." "पॉझिटिव्ह राहा." "जिमला जा." आणि "कोणाला सांगणार नाही, शपथ" हे वचन तर कधीच देऊ नका. त्याऐवजी म्हणा: "उगाच कोणाला सांगत सुटणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मदत आणणार, हे आत्ताच सांगून ठेवतो."

उत्तर "हो" आलं तर?

पहिलं, घाबरून आवाज चढवू नका. "सांगितलंस हे बरं केलंस" एवढं म्हणा.

दुसरं, आणखी थोडं विचारा. कसं, कधी, असं काही ठरवलंय का? त्यासाठी काही जवळ ठेवलंय का? उत्तर जितकं नेमकं, तितका धोका जवळचा. तसं असेल तर त्याला एक क्षणही एकटं सोडू नका, धोकादायक वस्तू त्याच्या हातापासून लांब करा, घरच्या एका विश्वासू माणसाला बोलवा आणि थेट दवाखान्याच्या इमर्जन्सी विभागात न्या. जुईनगरहून महापालिकेची वाशी आणि नेरूळची रुग्णालयं जवळ आहेत. गाडी मिळत नसेल, परिस्थिती हाताबाहेर जात असेल, तर ११२.

वस्तू लांब करण्याने काय होणार, असं वाटेल. पण टोकाची उबळ ही लाटेसारखी असते. बऱ्याच जणांत ती काही तासांत, कधी काही मिनिटांत ओसरते. त्या वेळात अंतर वाढवलं, सोबत ठेवली, तर जीव वाचतो. आणि त्या क्षणी थांबवला गेलेला माणूस पुन्हा प्रयत्न करतोच, हा समज चुकीचा आहे. प्रयत्नातून वाचलेल्या बहुतेक लोकांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही.

धोका इतका तातडीचा नसेल, तर तिसरी पायरी, पोहोचवा. "डॉक्टरकडे जा" असं सांगून सोडू नका. सोबत बसून १४४१६ लावा, फोन स्पीकरवर ठेवा. टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. नवी मुंबईकरांसाठी अजून एक गोष्ट: आत्महत्या प्रतिबंधासाठी १९९८ पासून काम करणारी आसरा ही संस्था आपल्याच कोपरखैरण्यातली. त्यांची हेल्पलाइन ९८२०४६६७२६. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला गेलात तर डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. एक नंबर लागला नाही तर दुसरा लावा, पण तेवढ्यावरून "मदत मिळतच नाही" असं ठरवू नका.

नंतरचे दिवस, आणि एका पत्राची गोष्ट

मित्राला दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, घरी आला. आपल्याला वाटतं, संपलं. खरं तर दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात नाजूक असतात. तेव्हाच लोकांचे फोन बंद होतात.

इथे मला एक प्रयोग फार आवडतो. सॅन फ्रान्सिस्कोतले जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दवाखान्यात राहून गेलेले, पण पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ लोक त्यांनी घेतले आणि दोन गट केले. एका गटाला फक्त छोटी पत्रं पाठवली. मजकूर साधारण असा की तुम्ही इथे होतात त्याला काही दिवस झाले, सगळं ठीक असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा. उपदेश नाही, मागणी नाही. सुरुवातीला दर महिन्याला, मग कमी कमी करत पाच वर्षं. दुसऱ्या गटाला काहीच पाठवलं नाही. पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू कमी निघाले, आणि पहिल्या दोन वर्षांत हा फरक ठळक होता.

मंडळी, ही टपालाची गोष्ट आहे. आपल्या हातात तर फोन आहे. "तुझी आठवण आली, उत्तर नाही दिलंस तरी चालेल." एवढा मेसेज, आठवड्यातून एकदा. ब्लू टिक आली, उत्तर नाही आलं, तरी पुढच्या आठवड्यात परत.

सोसायटी काय करू शकते?

परत जुईनगरच्या दाराशी येऊ. त्या तीन वर्षांत जेवण पोहोचत होतं, म्हणजे माणूस जिवंत आहे एवढं कळत होतं. पण जिवंत असणं आणि बरं असणं यात फरक आहे, आणि तो फरक ॲपवर दिसत नाही.

वॉचमनदादा, कचरा नेणाऱ्या मावशी, दूधवाला, डिलिव्हरीची मुलं: इमारतीत कोण दिसेनासं झालंय हे यांना सगळ्यात आधी कळतं. सेक्रेटरींनी त्यांना एवढंच सांगून ठेवावं, की कोणी बरेच दिवस दिसलं नाही, कचरा बाहेर आला नाही, तर मला सांगा. मग एक-दोन जणांनीच जायचं, घोळका नको. मोबाइलचा कॅमेरा बंद. सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा नको. सणाचा डबा घेऊन जा, दार उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवा, चार दिवसांनी परत जा. घरात कोणी दुखावलेलं, आजारी असल्याची खात्री वाटली तर मदत करणाऱ्या संस्थेला किंवा ११२ ला कळवा.

आणि दुर्दैवाने कोणी गेलंच, तर फोटो, चिठ्ठी, "असं केलं म्हणे" हे फॉरवर्ड करू नका. त्या ग्रुपवर आधीच खचलेला दुसरा कोणीतरी ते वाचत असतो.

तुमचे दोन प्रश्न

*"पोलीस केस होते का? म्हणून घरचे दवाखान्यात न्यायला घाबरतात."*

प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा करणं हा आता कायद्याचा हेतू नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ११५ म्हणतं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारने त्याला उपचार, पुनर्वसन द्यायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ ठेवलेलंच नाही. दवाखाना पोलिसांना कळवेल, नोंद होईल, पण म्हणून उपचार थांबवू नका.

*"मी सगळं केलं, तरी माझी मैत्रीण गेली. माझं काय चुकलं?"*

ताई, आपण शक्यता कमी करू शकतो, शून्य करू शकत नाही. खुणा मागे वळून बघताना जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या त्या वेळी नसतात. तुमची चूक नाही. आणि हे दुःख एकटीने वागवू नका. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

जाता जाता

या आठवड्याचा गृहपाठ. फोनमध्ये १४४१६ सेव्ह करा. मग कॉन्टॅक्ट लिस्ट वरून खाली सरकवा आणि थांबा त्या नावापाशी, जे बरेच दिवस दिसलेलं नाही. मेसेज नको, फोन करा. उचलला नाही आणि घर जवळ असेल, तर बेल वाजवा. फार तर काय होईल? तो म्हणेल, "अरे, मी मस्त आहे, तू एवढा का घाबरलायस?" मग दोघं मिळून चहा प्या.

आणि तो मस्त नसेल, तर निदान दाराशी कोणीतरी आलेलं असेल.

भेटू पुढच्या भागात. सांभाळा, एकमेकांनाही.